ओलं बोट आणि ४७० के: घरी बनवलेल्या ट्रान्झिस्टर टेस्टरच्या आत नेमकं काय चालतं

वाईला बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि ट्रान्झिस्टर तपासायला त्यांच्याकडे वेगळं मशीन वगैरे काही नव्हतं, काट्याचा मल्टीमीटर होता एवढंच. तो ओहमच्या रेंजवर टाकायचे, दोन प्रोब ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी कलेक्टर आणि एमिटर या दोघांना लावायचे, काटा जागचा हलायचा नाही. मग बोट जिभेला लावून ओलं करायचे आणि ते बोट कलेक्टर आणि बेस या दोन पायांवर एकदम टेकवायचे, की काटा सर्रकन उजवीकडे यायचा. "हा जिवंत आहे गं" असं म्हणून तो एका डबीत, आणि ज्याला बोट लावून, प्रोब उलटे करून, सगळं करूनही काटा ढिम्म राहिला तो दुसऱ्या डबीत. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन, मला वाटायचं बाबांच्या बोटातच काहीतरी आहे.

तर बोटात खरंच काहीतरी होतं. ओल्या कातडीचा रेझिस्टन्स, काही शे किलो ओहमचा. मीटरच्या आतल्या सेलमधून त्या बोटातून बेसमध्ये अगदी थेंबभर करंट जायचा, काही मायक्रोॲम्प, आणि ट्रान्झिस्टर त्याचा शंभर-दोनशे पट (या पटीलाच गेन म्हणतात) करून कलेक्टरमधून ओढायचा, तो काट्याला दिसायचा. ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं तर हेच, थेंबभर इकडून दिलं की तांब्याभर तिकडून वाहतं.

आता जो मायक्रोकंट्रोलरवाला टेस्टर मी घरी बनवलाय, ज्यात कुठलाही तीन पायांचा पार्ट कसाही खोचा, बटण दाबा, की स्क्रीनवर "एनपीएन, २ नंबर बेस, गेन २५८" असं येतं, त्यात त्या ओल्या बोटाच्या जागी ४७० किलो ओहमचा रेझिस्टर बसलाय. बाकी सगळं तेच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अवघड काही नाही.

मूळ कल्पना माझी नाही हे आधी सांगते. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांनी एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर हा टेस्टर बनवला आणि सर्किट, प्रोग्रॅम सगळं खुलं ठेवलं, पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी त्यात कपॅसिटर, कॉइल, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) असं बरंच काही मोजणं घातलं, आणि आज ऑनलाइन एलसीआर-टी४ वगैरे नावांनी जे टेस्टर मिळतात ते बहुतेक सगळे त्याच घराण्यातले. विकत मिळतो तर मग बनवायचा कशाला असं कुणीही विचारेल. माझं उत्तर असं की हा टेस्टर जे सांगतो ते किती खरं धरायचं आणि कुठे धरायचं नाही हे तो स्वतः बनवल्याशिवाय नीट कळत नाही, आणि ते न कळल्यामुळे लोक चांगले पार्ट फेकून देतात आणि खराब पार्ट सर्किटला लावतात.

सर्किट बघा. मी अर्दुइनो नॅनो हा छोटा तयार बोर्ड वापरला, त्यावर एटीमेगा३२८ ही मायक्रोकंट्रोलर चिप असते. बाहेर तीन टेस्ट पॉइंट काढायचे, १, २ आणि ३. प्रत्येक पॉइंटला चिपकडून तीन वायरी येतात, एक थेट ॲनालॉग पिनवरून, एक ६८० ओहमच्या रेझिस्टरमधून आणि एक ४७० किलो ओहमच्या रेझिस्टरमधून. म्हणजे तीन ॲनालॉग पिन, सहा डिजिटल पिन, सहा रेझिस्टर, संपलं सर्किट. बाकी स्क्रीन, बटण आणि सेल हे नेहमीचंच. फक्त एक, नॅनोच्या १३ नंबरच्या पिनला बोर्डवरचाच एक एलईडी लटकलेला असतो, ती पिन या कामाला घेतली तर पिन मोकळी सोडली तरी तो एलईडी ४७० के मधून येणारा करंट खातो आणि रीडिंग वेडंवाकडं येतं, म्हणून ती पिन सोडून दुसऱ्या सहा घ्या.

आता चिपच्या पिनला तीनच गोष्टी करता येतात: ५ व्होल्टला धरून ठेवणं, शून्याला धरून ठेवणं, नाहीतर हात सोडून नुसतं बघत बसणं. पण प्रत्येक पॉइंटला तीन वायरी असल्यामुळे तिथे आपल्याला हवं ते करता येतं. थेट शून्य, थेट ५ व्होल्ट, ६८० मधून जरा जोरात वर किंवा खाली ओढणं, ४७० के मधून अगदी हळू ओढणं, नाहीतर तरंगत सोडून देणं. आणि हे करत असतानाच त्या पॉइंटवर किती व्होल्ट आहेत ते ॲनालॉग पिन वाचत असते. वाचन दहा बिटचं, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ तुकडे, एक तुकडा साधारण ४.९ मिलीव्होल्टचा. या कामाला भरपूर झालं.

एक नियम मात्र कधी मोडायचा नाही. एक पॉइंट थेट ५ व्होल्टला आणि दुसरा थेट शून्याला असं कधीच ठेवायचं नाही, मध्ये कुठेतरी ६८० असलाच पाहिजे. कारण आत खोचलेला पार्ट शॉर्ट असू शकतो, तो शॉर्ट आहे का हे शोधायलाच तर आपण बसलोय. पिनचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स साधारण २० ओहम, दोन पिन मिळून ४०, म्हणजे शॉर्ट पार्टमधून शंभर मिलीॲम्पच्या वर करंट जाईल आणि चिपची पिन फार तर ४० सहन करते. मध्ये ६८० असला की काहीही खोचा, जेमतेम ७ मिलीॲम्प जातात. पार्टही सुरक्षित, चिपही सुरक्षित. प्रोग्रॅम लिहिताना पिन बदलायचा क्रमसुद्धा जपा, आधी सगळ्या सोडायच्या आणि मग हव्या त्या धरायच्या, नाहीतर मधल्या एका क्षणात दोन पिन आमनेसामने येतात.

डायोडपासून सुरुवात करू. पॉइंट १ ला ६८० मधून ५ व्होल्ट, पॉइंट २ थेट शून्याला, तिसरा तरंगता. पॉइंट १ वर पूर्ण ५ दिसले तर करंट जात नाहीये. ०.७ च्या आसपास दिसले तर काहीतरी वाहतंय. मग उलट करून बघायचं. एकीकडून वाहतं आणि दुसरीकडून नाही, तर डायोड, आणि कुठल्या बाजूने वाहिलं त्यावरून ॲनोड-कॅथोड आपोआप कळलं. दोन्हीकडून वाहिलं तर बहुधा रेझिस्टर, पण "बहुधा" वर थांबायचं नाही, करंट बदलून परत विचारायचं. ६८० ऐवजी ४७० के मधून करंट दिला की तो सहाशे-सातशे पटीने कमी होतो, रेझिस्टर असेल तर त्यावरचे व्होल्टही त्याच हिशोबाने पार खाली जातात, पण सिलिकॉन डायोड ०.७ वरून फार तर ०.४ च्या आसपास येतो. ही डायोडची ओळख आहे, करंट शेकडो पट बदलला तरी व्होल्ट थोडेसेच सरकतात. एलईडीही याच परीक्षेत ओळखू येतो, लाल असेल तर १.८ ते २, निळा-पांढरा असेल तर ३ च्या आसपास, आणि तपासताना तो क्षणभर लुकलुकतो ते वेगळंच. शॉटकी जातीचा डायोड असेल तर आकडा ०.२-०.३ असा खाली येतो.

इथे माझे दोन दिवस गेले ते सांगते. ब्रेडबोर्डवर पहिला १एन४१४८ लावला आणि ०.८२ व्होल्ट आले. दुसरा लावला, ०.८२. मल्टीमीटरवर तेच डायोड व्यवस्थित ०.७ च्या आत-बाहेर. रेझिस्टर बदलले, वायरी बदलल्या, शेवटी लक्षात आलं की मी पॉइंट २ ला "शून्य" धरून चालले होते आणि तो शून्य नव्हताच. पिनचा आतला २० ओहम आहे, त्यातून ६ मिलीॲम्प जातायत, म्हणजे ०.१२ व्होल्ट तिथेच उभे राहिले. ही चिप एक चांगली गोष्ट करू देते, पिन शून्याला धरलेली असतानाही तिच्यावरचे व्होल्ट वाचता येतात. दोन्ही पॉइंट वाचा, वजाबाकी करा, ०.७० येतं. तेव्हापासून प्रोग्रॅममध्ये मी कुठेही शून्य गृहीत धरत नाही, मोजूनच घेते.

आता ट्रान्झिस्टर. तीन पाय तीन पॉइंटला कसेही लागलेत, चिपला काहीच माहीत नाही. तीन पायांच्या मांडण्या होतात ३ गुणिले २ गुणिले १, म्हणजे सहा. चिप त्या सहाही मांडण्यांमध्ये तोच एक प्रश्न विचारते, बाबांचाच प्रश्न. एका पॉइंटला ६८० मधून ५ व्होल्ट, दुसरा थेट शून्याला, तिसरा तरंगता. वाहतंय का? नाही. ठीक, आता तिसऱ्याला ओलं बोट लाव, म्हणजे ४७० के मधून ५ व्होल्ट दे. आता वाहायला लागलं का? लागलं, तर तिसरा पाय बेस आणि ट्रान्झिस्टर एनपीएन. पीएनपी, म्हणजे उलट्या दिशेने चालणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी, हेच आरशात बघितल्यासारखं उलटं, एक पॉइंट थेट ५ व्होल्टला, दुसरा ६८० मधून शून्याकडे, आणि तिसऱ्याला ४७० के मधून खाली ओढायचं.

बेस मिळाला. पण कलेक्टर कुठला आणि एमिटर कुठला? इथे बऱ्याच जणांची गडबड होते, कारण कागदावरच्या चित्रात ट्रान्झिस्टर म्हणजे बेसला पाठ लावून बसलेले दोन सारखेच डायोड दिसतात, आणि मल्टीमीटरच्या डायोड रेंजवरही दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच आकडा येतो, ०.६६ आणि ०.६५ असा. मग उलटा लावला तर काय बिघडलं? बिघडतं, कारण आत दोन्ही बाजू सारख्या नसतात. एमिटरच्या सिलिकॉनमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याची भेसळ (डोपिंग) मुद्दाम खूप जास्त केलेली असते म्हणून तो बेसमध्ये भरभरून इलेक्ट्रॉन सोडतो, कलेक्टरमध्ये भेसळ कमी आणि पसारा मोठा, त्याचं काम ते गोळा करायचं. उलटं जोडलं की कमी भेसळीवाल्याला सोडायला लागतं आणि गेन पार कोसळतो. म्हणून चिप दोन्ही बाजूंनी गेन मोजते आणि ज्या बाजूने जास्त येतो ती बाजू सुलटी धरते.

माझ्या समोरचा बीसी५४७ घेते, आकड्यांसकट. सुलट्या बाजूला बेसवर ०.७० व्होल्ट आले, म्हणजे ४७० के वर ४.३ व्होल्ट, म्हणजे बेसमध्ये ९.१५ मायक्रोॲम्प. कलेक्टरवर ३.३५ व्होल्ट आले, म्हणजे वरच्या ६८० आणि पिनच्या २० मिळून ७०० ओहमवर १.६५ व्होल्ट, म्हणजे २.३६ मिलीॲम्प. भागाकार करा, २५८. आता कलेक्टर-एमिटर अदलाबदल करून तेच मोजलं, कलेक्टरच्या जागी ४.९४ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ०.०८६ मिलीॲम्प, गेन ९. एकीकडे २५८ आणि एकीकडे ९, शंकेला जागाच नाही.

या ९ चं महत्त्व दुरुस्ती करणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावं. बीसी५४७ सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय असतात, आणि २एन३९०४ दिसायला तसाच पण त्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा तसाच डोळे झाकून लावला तर सर्किट पूर्ण मरत नाही, गेन ९ वर रडतखडत चालतं, आवाज बारीक येतो, आणि माणूस कपॅसिटर बदलत बसतो, स्पीकर बदलतो. सीएफएलमधून काढलेल्या १३००३ चं तर आणखी अवघड, तोच नंबर असूनही वेगवेगळ्या कंपन्यांच्या पायांचा क्रम वेगळा सापडतो. तीन पाय खोचून दोन सेकंदात क्रम कळणं, मला तरी या टेस्टरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो, गेनचा आकडा त्यानंतर.

मॉस्फेटकडे येऊ, हा ट्रान्झिस्टरचा तीन पायांचाच भाऊ, पण बेसच्या जागी गेट असतं आणि ते करंटवर नाही, व्होल्टवर उघडतं. तो पण याच परीक्षेत सापडतो, तिसऱ्या पायाला ४७० के मधून वर ओढलं की वाहायला लागतं. मग तो ट्रान्झिस्टर नाही हे कसं कळतं? तिसऱ्या पायावरचे व्होल्ट बघायचे. ट्रान्झिस्टरचा बेस ०.७ च्या आसपास अडकून बसतो कारण तो करंट पितो, मॉस्फेटचं गेट काहीच पीत नाही म्हणून ते पार ५ व्होल्टपर्यंत चढतं. बस, एवढाच फरक. गेट हळूहळू चढत असताना कितव्या व्होल्टला वाहायला लागलं तेही टिपून ठेवता येतं, तो झाला थ्रेशोल्ड, २एन७००० ला साधारण २ व्होल्ट, आयआरएफझेड४४ ला २ ते ४ च्या मध्ये कुठेतरी.

मॉस्फेटची एक खोड मात्र आधीच सांगून ठेवते. गेट म्हणजे एक छोटा कपॅसिटर, आणि तो भरला की भरलेलाच राहतो, हातात घेऊन फिरलात तरी. मग पुढच्या मांडणीत चिप विचारते "वाहतंय का", गेट तरंगतं ठेवलेलं असतं पण आधीच्या चार्जमुळे मॉस्फेट उघडाच असतो आणि चिपला वाटतं हा शॉर्ट आहे. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या आधी तिन्ही पॉइंट ६८० मधून शून्याला आणून रिकामे करायचे. आयआरएफझेड४४ चं गेट साधारण दीड नॅनोफॅरडचं, ६८० मधून ते काही मायक्रोसेकंदात रिकामं होतं, पण ४७० के मधून भरायला मिलीसेकंद लागतात, त्यामुळे वर ओढल्यावर लगेच वाचायचं नाही, पाच-दहा मिलीसेकंद थांबायचं. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हे थांबणंच नव्हतं आणि छोटे मॉस्फेट बरोबर यायचे, मोठे चुकायचे.

आता सिलिकॉनऐवजी जर्मेनियमचे बनवलेले जुने ट्रान्झिस्टर, हा माझ्या आवडीचा भाग आहे. बाबांच्या डबीत एसी१२८ होते, पत्र्याच्या टोपीचे, अजूनही बरेच चांगले आहेत. हे खोचले की टेस्टर पहिल्याच प्रश्नाला अडखळतो, कारण बेस तरंगता असतानाही हे थोडे वाहतातच, जर्मेनियमचा स्वभावच गळका. माझ्या एका एसी१२८ मध्ये बेस मोकळा असताना कलेक्टरच्या रेझिस्टरवर ०.२१ व्होल्ट होते, म्हणजे ०.३ मिलीॲम्प गळती. बेसला ४७० के लावल्यावर झाले ०.७० व्होल्ट, म्हणजे १ मिलीॲम्प. बेस करंट १०.२ मायक्रोॲम्प. नुसता भागाकार केला तर गेन ९८ येतो आणि माणूस खूश होतो, पण त्यातला ०.३ बेसने आणलेलाच नाही, तो आपोआप गळत होता. तो वजा केला की खरा गेन ६९. म्हणून "वाहत नाहीये" ही अट थोडी सैल ठेवायची, बेस मोकळा असतानाचा करंट आधी मोजून बाजूला लिहून ठेवायचा आणि मग वजा करायचा. गिटारच्या फझ पेडलसाठी जर्मेनियम शोधणाऱ्या लोकांना तर गळतीचा हा आकडा गेनइतकाच महत्त्वाचा असतो.

आणि एक करून बघाच. तो एसी१२८ सॉकेटमध्ये असतानाच त्याची टोपी दोन बोटांत धरा. दहा-पंधरा सेकंदात गळतीचा आकडा ०.२१ वरून ०.२७ वर चढताना दिसतो, बोटांच्या उबेने. सोडला की हळूहळू परत खाली. जुने ट्रान्झिस्टर रेडिओ उन्हात ठेवले की आवाज फाटायचा म्हणायचे ते का, ते असं स्क्रीनवर बघायला मिळतं.

टेस्टर कुठे फसतो ते आता, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. त्याच्याकडे आहेत फक्त ५ व्होल्ट आणि ७ मिलीॲम्प. ज्या पार्टला जागं व्हायला याहून जास्त लागतं त्याच्याबद्दल तो बरोबर काही सांगूच शकत नाही. ९.१ चा झेनर घ्या (झेनर म्हणजे ठराविक व्होल्टला उलट्या बाजूनेही उघडणारा डायोड), उलट्या बाजूने तो ५ व्होल्टला उघडणारच नाही, टेस्टर म्हणणार साधा डायोड. ३.३ चा असेल तर दोन्हीकडून वाहताना दिसेल. मोठे झेनर तपासायचे तर वेगळं ३०-४० व्होल्टचं छोटं बूस्ट सर्किट आणि डिव्हायडर लावावा लागतो. इंडक्शन शेगडीतला आयजीबीटी, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा गेटवाला पार्ट, त्याचं गेट ५-६ व्होल्टच्या पुढे उघडतं, टेस्टरला त्याच्या आतला डायोड तेवढा दिसतो. पंख्याच्या रेग्युलेटरमधल्या बीटी१३६ सारख्या ट्रायॅकला (एसी करंट चालू-बंद करणारा पार्ट) गेटमधून ३५ मिलीॲम्पपर्यंत लागू शकतात, ७ मध्ये कधी उठतो कधी नाही.

डार्लिंग्टन, म्हणजे एकाच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर जोडलेला, आणखी फसवा. टीआयपी१२२ मध्ये आत बेस-एमिटरच्या मध्ये रेझिस्टर बसवलेले असतात, एकूण काही किलो ओहमचे, आणि आपण ४७० के मधून दिलेले १० मायक्रोॲम्प त्या रेझिस्टरमधूनच निघून जातात, ट्रान्झिस्टरला उपाशी ठेवून. ८ किलो ओहम धरले तर त्यावर ०.०८ व्होल्ट, आणि डार्लिंग्टनला उघडायला लागतात १.२-१.३. म्हणून प्रोग्रॅममध्ये दुसरी फेरी ठेवायची, ४७० के ने कुणी उठला नाही तर तिसऱ्या पायाला ६८० मधून ढकलून बघायचं. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीतल्या बीयू५०८डी सारख्या ट्रान्झिस्टरमध्ये तर हा आतला रेझिस्टर काही दशक ओहमचाच असतो, तिथे ६८० मधून ढकलूनही बेस उठत नाही आणि टेस्टर दाखवतो एक रेझिस्टर आणि एक डायोड. असा ट्रान्झिस्टर खराब म्हणून कचऱ्यात टाकलेला मी स्वतः पाहिलाय. नंबर वाचा, डेटाशीट बघा, मग ठरवा.

उलटंही होतं. एका दुकानातून चार २एन३०५५ आणले होते, टेस्टरवर चारही पास, गेन छान. ॲम्प्लिफायरमध्ये लावले आणि आवाज वाढवल्यावर दोन लगेच गेले. टोपी कापून बघितलं तर आत चिप अगदी बारकी, खरा २एन३०५५ १५ ॲम्पियरचा असतो, त्याची चिप चांगली मोठी दिसते. टेस्टर खोटं बोलला नव्हता, २ मिलीॲम्पला तो ट्रान्झिस्टर खरंच चांगला होता. ५ ॲम्पियरला कसा आहे हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

राहिलं अचूकपणाचं. सहा रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, आणि तरीही चांगल्या मीटरवर एकेक मोजून खरा आकडा प्रोग्रॅममध्ये टाका. ९ व्होल्टच्या सेलवर ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावून चालवत असाल तर सेल ७ व्होल्टच्या खाली आला की तुमचे ५ व्होल्ट ५ राहत नाहीत आणि सगळी रीडिंग गुपचूप सरकतात. चिपमध्ये आतच १.१ व्होल्टचा रेफरन्स असतो, त्याच्यावरून दर वेळी आधी सप्लाय मोजून घ्यायचा आणि कमी असेल तर स्क्रीनवर तसं सांगायचं. तो १.१ सुद्धा नेमका १.१ नसतो, १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून एकदा मीटर लावून आपल्या चिपचा आकडा काढून ठेवायचा.

आणि कपॅसिटर. सीएफएलमधून काढलेला ४.७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कपॅसिटर मी घाईत तसाच सॉकेटमध्ये खोचला होता, त्यात चार्ज होता. २३० व्होल्टचं रेक्टिफाय होऊन ३२५ होतं, ते सगळं एका ॲनालॉग पिनवर आलं, टक्क असा आवाज झाला आणि ती पिन कायमची गेली, त्यानंतर पॉइंट २ वर काहीही लावा, १०२३ च, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा. माझं नशीब की बोट मध्ये नव्हतं. आता टेबलावर १० किलो ओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर दोन क्लिप लावून कायम ठेवलेला असतो, बोर्डवरून आलेला प्रत्येक कपॅसिटर आधी त्याला पाच सेकंद लावायचा, मग मीटरने शून्य बघायचं, मगच सॉकेट. तुमच्या घरी लहान मुलं यात हात घालत असतील तर त्यांना आधी हे शिकवा, ट्रान्झिस्टर नंतर.

प्रोग्रॅम पूर्ण झाला त्या रात्री बाबांची "जिवंत" वाली डबी घेऊन बसले. एकेक काढून खोचत गेले, एसएल१००, बीसी१४८, एसी१२८, सगळे चालू, बाबांच्या बोटाने निवडलेल्यांपैकी एकच गेलेला निघाला आणि त्याचा एक पाय आतून सुटलेला होता, तो बहुधा नंतर कधीतरी हाताळताना सुटला असणार. मग सॉकेट रिकामं झाल्यावर मी बोट ओलं केलं आणि पॉइंट १ आणि २ वर टेकवलं. ४७० के मधून ५ व्होल्ट, बोटावर २.३, म्हणजे साधारण ४०० किलो ओहम. आकडा स्थिर नव्हता, बोट सुकत गेलं तसा वर चढत होता.